आज्ञा लिहून ठेवावी

अमझेऱ्याच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणारी जी दुकाने आहेत, त्यांपैकी एखाद्यापाशी दुपारच्या वेळी घटकाभर उभे राहिले, तर एक वाक्य हटकून कानी पडते : "सर्वर डाउन है, बाद में आना." कोणी जातीच्या दाखल्यासाठी खेड्यातून आलेला असतो, कोणास खसऱ्याची नक्कल हवी असते, कोणा विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची ती शेवटची तारीख असते. हे वाक्य ऐकून माणसे मुकाट्याने परततात. पाऊस पडला नाही तर जाब कोणाला विचारावयाचा? तद्वत् सर्व्हरचे बंद पडणे हेही दैवाधीनच असावे, अशी त्यांची समजूत झालेली दिसते.

या समजुतीस आमचा विरोध आहे. वीज जाते, तार तुटते, यंत्र तापते, हे सारे खरे. परंतु पुष्कळ वेळा सर्व्हर बंद पडण्यामागे कोणा माणसाने केलेला बदल असतो, आणि तो बदल कसा करावा हे आधी लिहून ठेवले होते की नव्हते, या एका प्रश्नावर सारे अवलंबून असते. मध्य प्रदेशात २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा झाला आणि कोणता दाखला किती दिवसांत मिळालाच पाहिजे हे ठरून गेले. परंतु कायद्याने दिलेले वचन आज ज्या यंत्राच्या खांद्यावर उभे आहे, ते यंत्र सांभाळण्याची रीत कशी आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. तो विचार आज येथे करावयाचा आहे.

सर्व्हर ही काही अद्भुत वस्तू नव्हे. तोही एक संगणकच. भेद इतकाच की, आपल्या घरचा संगणक एका माणसाचे काम करतो आणि सर्व्हर दुरून येणाऱ्या हजारो माणसांच्या मागण्या पुरवितो. एकट्याने ते काम निभत नाही, म्हणून एकाच कामासाठी असे आठ, ऐंशी, क्वचित आठ हजार संगणक एकत्र राबत असतात. ते मोठ्या विदाकेंद्रांत ठेवलेले असतात. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची अशी मोठी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. या संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलीची वेळोवेळी सुधारलेली आवृत्ती निघते. ती जुन्या आवृत्तीच्या जागी बसविणे, यालाच या धंद्यात डिप्लॉयमेंट असे म्हणतात. चालत्या गाडीचे चाक बदलण्यासारखेच हे काम आहे. कारण गाडी थांबविली की अमझेऱ्याच्या दुकानात ते वाक्य उच्चारले जाते.

हे काम हाताने कसे होते ते पाहावे. व्यवस्थापक एका सर्व्हरमध्ये दुरूनच प्रवेश करतो. समोर काळा पडदा असतो आणि त्यावर चित्र नाही, बटण नाही. केवळ एक लुकलुकणारी खूण. या खुणेपुढे आज्ञा टंकावयाची, यास कमांड लाइन म्हणतात. जुन्या आवृत्तीची प्रत काढून ठेव, सेवा थांबव, नव्या फाइली आण, मांडणीच्या फाइलीत अमुक ओळ बदल, विदागारातील तक्त्यात नवा रकाना घाल, सेवा सुरू कर, उत्तर नीट येते का ते पाहा. अशा दहा-बारा आज्ञा एका सर्व्हरवर क्रमाने द्यावयाच्या आणि मग दुसऱ्या सर्व्हरकडे वळावयाचे. रात्रीचे दोन वाजलेले असतात, डोळ्यांवर झोप असते, सहाव्या सर्व्हरवर एक पायरी सुटते. सुटलेली पायरी आरडाओरडा करीत नाही, हीच या कामातली मोठी अडचण आहे.

आमच्या परिचयाच्या एका संस्थेत हे सारे काम एक अत्यंत कुशल गृहस्थ पाहत असत. कोणती आज्ञा आधी, कोणती नंतर, कोठे दोन मिनिटे थांबावयाचे, हे सर्व त्यांस मुखोद्गत होते. संस्थेला त्यांचा अभिमान होता आणि तो अस्थानी नव्हता. पुढे ते एकाएकी आजारी पडले. त्या पंधरवड्यात एक आवश्यक दुरुस्ती बसवावयाची होती. परंतु तिचा क्रम कोणासच ठाऊक नव्हता. अखेर रुग्णशय्येवरील माणसाला दूरध्वनीवरून एकेक आज्ञा विचारावी लागली. त्यांनी ती सांगितली, हा त्यांचा मोठेपणा. परंतु ज्या संस्थेला एका माणसाच्या तापाने ताप चढतो, तिची व्यवस्था निकोप आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

या प्रसंगी आम्हांस आपल्या शेजारच्या धारानगरीच्या राजा भोजाचे स्मरण होते. अकराव्या शतकातील या विद्वान राजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक संपूर्ण अध्याय आहे. पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी, दारावर पहारा करणारी लाकडी माणसे, नाना प्रकारची जलयंत्रे यांचे वर्णन त्यात येते. मात्र ग्रंथकार तेथे स्पष्ट सांगतो की, यंत्रांची प्रत्यक्ष घडण आपण सांगितलेली नाही, ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखावी म्हणून. त्या काळी यास काही कारण असेलही. परंतु परिणाम काय झाला? वर्णन उरले, यंत्र उरले नाही. कोणते यंत्र खरोखर चालत होते आणि कोणते केवळ कल्पनेतले, हे आज आपणास ठरविताही येत नाही. लिहून न ठेवलेले कौशल्य कितीही थोर असले, तरी ते धन्याबरोबर जाते, हा धडा अमझेऱ्यापासून हाकेच्या अंतरावर नऊ-दहा शतके पडून आहे.

आता याच्या उलट उदाहरण पाहावे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या मध्यभागी दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना शेतशिवारातून पसरल्या आहेत. दोन टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. या तीस तबकड्यांनी एकाच क्षणी आकाशातील एकाच बिंदूकडे पाहावयाचे असते. प्रत्येकीपाशी माणूस धाडून हे काय साधणार? म्हणून निरीक्षक आपल्या आज्ञांची फाइल आगाऊ लिहून ठेवतात : या ताऱ्याकडे वळा, इतकी मिनिटे नोंद घ्या, मग त्या दीर्घिकेकडे वळा. नियंत्रण कक्षातून ती फाइल चालविली जाते. उद्या दुसऱ्या कोणास तेच निरीक्षण पुन्हा करावेसे वाटले, तर फाइल वाचून ते करता येते. विज्ञानात पुनरावृत्तीला जे महत्त्व आहे, ते अशा रीतीने आज्ञेलाही प्राप्त होते.

सर्व्हर सांभाळणारी स्क्रिप्ट ही नेमकी अशीच वस्तू आहे. हाताने द्यावयाच्या त्या दहा-बारा आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहावयाच्या, सर्व सर्व्हरांची यादी तिला द्यावयाची आणि मग काळ्या पडद्यावर एकच आज्ञा टंकावयाची. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीपासून ही रीत वाढत आली आणि आज जगातील लहानमोठे सर्व्हर बहुतांशी तिच्यावर चालतात. स्क्रिप्ट झोपेला येत नाही, पायरी गाळीत नाही, आणि सातव्या सर्व्हरनंतर आठव्याला कंटाळत नाही.

आठव्या सर्व्हरचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उलाढाल करणाऱ्या नाइट कॅपिटल नावाच्या संस्थेने जुलै २०१२ च्या अखेरीस आपल्या आठ सर्व्हरांवर नवी आवृत्ती बसविण्यास घेतली. ती सातांवर बसली; एकावर बसवावयाची राहिली. त्या एकावर कित्येक वर्षांपूर्वी वापरातून गेलेला जुना भाग तसाच पडून होता, आणि नव्या आवृत्तीने जी खूण वापरली होती, त्याच खुणेने तो जुना भाग जागा होत असे. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर वेड्यासारखा खरेदी-विक्री करू लागला. पंचेचाळीस मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. त्याहून शोचनीय गोष्ट अशी की, घाबरलेल्या मंडळींनी उपाय म्हणून ज्या सात सर्व्हरांवर नवी आवृत्ती बरोबर बसली होती, तेथूनच ती काढून टाकली; त्यामुळे आठव्याचा रोग सातांनाही जडला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्राने चुकीची सूचना देणारी ९७ इ-पत्रे पाठविली होती; ती कोणी मनावर घेतली नाहीत.

अमेरिकेच्या रोखे-बाजार आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि २०१३ च्या ऑक्टोबरात दंड ठोठावला. आयोगाने नोंदविलेले कारण आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे : केलेले काम दुसऱ्या जाणकाराने तपासून पाहिले नाही, आणि तसे तपासावे असा लेखी नियमही संस्थेत नव्हता. एक माणूस चुकला हे खरे. परंतु माणूस चुकणारच, हे गृहीत धरून जी व्यवस्था लिहावयास हवी होती, ती लिहिलेली नव्हती.

मराठी दफ्तराची ज्यांस थोडीबहुत ओळख आहे, त्यांस ही गोष्ट नवी वाटणार नाही. धार आणि देवास येथे पवारांची संस्थाने नांदली, त्यामुळे ती परंपरा आपल्या माळव्यासही परकी नाही. जुन्या आज्ञापत्राच्या शेवटी मोर्तब होत असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, असा त्याचा अर्थ. आज संगणकाच्या फाइलीलाही असे मोर्तब करता येते. फाइलीतील सर्व अक्षरांवरून गणिताने एक लांबलचक खूणसंख्या काढतात. तिला हॅश म्हणतात. फाइलीत एक अक्षर बदलले तरी ती संख्या पार बदलून जाते. स्क्रिप्टने आठही सर्व्हरांवरील फाइलींची संख्या काढून ताडून पाहिली असती, तर आठव्याचे वेगळेपण क्षणार्धात उघडे पडले असते. तपासणीची ही एक पायरी. तिची किंमत त्या सकाळी ४६ कोटी डॉलर ठरली.

येथवर वाचून कोणास वाटेल की, स्क्रिप्ट लिहिली म्हणजे सारे भागले. तसे मुळीच नाही, आणि ते सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. माणूस हाताने चुकतो, तेव्हा एका ठिकाणी चुकतो. स्क्रिप्ट चुकते, तेव्हा सर्व ठिकाणी एकाच वेगाने चुकते. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम नावाच्या खेळविक्रीच्या आज्ञावलीतील एक दोष उघडकीस आला. लिनक्स प्रणालीवर ती चालविणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फोल्डरातील सर्व काही पुसून टाक’ अशी आज्ञा होती. फोल्डराचे नाव काही कारणाने रिकामे राहिले, तर तिचा अर्थ ‘सर्व काही पुसून टाक’ एवढाच उरत असे. आणि तसे होऊन वापरणाऱ्याच्या खाजगी फाइली नाहीशा झाल्या. गंमत अशी की, त्या आज्ञेपाशी लिहिणाऱ्याने स्वतःच ‘हे भीतिदायक आहे’ अशा अर्थाची टीप टाकून ठेवली होती! भीती वाटली, ती लिहूनही ठेवली, परंतु नाव रिकामे असेल तर थांब, ही एक ओळ मात्र लिहिली नाही. नुसत्या भयाने संकट टळत नाही. अडसर घालावा लागतो.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अॅमेझॉन कंपनीच्या एका जाणत्या कर्मचाऱ्याने, ठरलेल्या लेखी रीतीनुसारच, काही थोडे सर्व्हर कामातून काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक शब्द चुकीचा टंकला गेला आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक सर्व्हर निघून गेले. अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास लंगडी झाली. पुढे कंपनीने काय केले, ते आम्हांस अनुकरणीय वाटते. आज्ञा देण्याच्या साधनातच तिने सुधारणा केली : सर्व्हर काढावयाचे ते सावकाश, आणि ठरावीक किमान संख्येच्या खाली जाणारी आज्ञा साधनाने मानूच नये. चूक करणाऱ्या बोटापेक्षा चूक होऊ देणाऱ्या साधनाकडे पाहणे, हीच शहाणपणाची दिशा होय.

त्याच वर्षी ३१ जानेवारीस गिटलॅब या संस्थेत एका थकलेल्या कर्मचाऱ्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचे विदागार पुसले. राखीव प्रती शोधू गेले, तो रोज प्रत काढणारी स्क्रिप्ट कित्येक दिवस निमूटपणे अयशस्वी होत असल्याचे आढळले. तिच्या अपयशाची पत्रेही कोणापर्यंत पोहोचत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत वेगळ्या कारणासाठी काढलेली होती, तीवर निभावले. या संस्थेने आपली फजिती झाकली नाही. दुरुस्तीचे काम चालू असतानाच ती सर्व जगास सांगितली. आज हजारो विद्यार्थी त्या कबुलीवरून शिकतात. भोजराजाची गुप्तता आणि ही कबुली, यांतील कोणती वाट पुढच्या पिढीच्या हिताची, हे वाचकांनीच ठरवावे.

तेव्हा चांगली स्क्रिप्ट कशी असावी? आमच्या मते तिच्या ठायी पाच गुण हवेत. पहिला, पायरी चुकताच तिने जागच्या जागी थांबावे. पुढे रेटू नये. दुसरा, ती दोनदा चालविली तरी अपाय होऊ नये. ‘हजेरीपटात हे नाव लिही’ अशी आज्ञा दोनदा दिली, तर नाव दोनदा लागेल. ‘नाव नसेल तरच लिही’ अशी दिली, तर एकदाच लागेल. तिसरा, प्रत्यक्ष काही न करता ‘मी काय काय करणार आहे’ एवढेच सांगण्याची सोय तिच्यात असावी, आणि आधी एकाच सर्व्हरवर काम करून पाहून मगच तिने बाकीच्यांकडे वळावे. चौथा, मागे परतण्याची वाट तिच्यात लिहिलेली असावी; चक्रव्यूहात शिरण्याची विद्या अभिमन्यूलाही होती, उणीव होती ती बाहेर पडण्याच्या विद्येची. पाचवा, कोणी, केव्हा, काय चालविले याची नोंद तिने आपण होऊन ठेवावी. आणि तिच्या पोटात गुप्तशब्द मात्र लिहिलेला नसावा; रीत सर्वांस दिसावी, किल्ली सर्वांस मिळू नये.

या मतावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो आम्ही हलका मानीत नाही. स्क्रिप्टमुळे नवशिक्या कर्मचाऱ्याची बुद्धी आळसावते. तो बटण दाबणारा हमाल होतो. आत काय चालले आहे हे त्यास कळत नाही आणि स्क्रिप्ट अडली की तोही अडतो. पाढे पाठ न करता गणकयंत्र हाती घेणाऱ्या मुलाची जी गत, तीच याची. आक्षेप खरा आहे. परंतु त्याचा उपाय स्क्रिप्ट टाकून देणे हा नव्हे. उपाय असा की, प्रत्येक नव्या माणसाने ते काम एकदा तरी सरावाच्या सर्व्हरवर स्वहस्ते करावे, मग स्क्रिप्टची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून तिचा अर्थ सांगावा, आणि मगच ती चालविण्याचा अधिकार त्यास मिळावा. स्क्रिप्ट ही वाचावयाची वस्तू आहे, हे ज्या दिवशी आपण विसरू, त्या दिवशी तीही भोजाच्या यंत्रासारखी गूढ होऊन बसेल. लिहिलेले असूनही कोणी न वाचलेले, आणि मुळात न लिहिलेले, यांत फारसे अंतर उरत नाही.

दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, परंतु तो मनात असतो : मला जे येते ते लिहून दिले, तर माझी गरज काय उरेल? कुशल माणसाची ही भीती आम्ही समजू शकतो. परंतु आमचा अनुभव असा की, जो आपली रीत लिहून देतो, त्यास सुट्टी मिळते, निर्धास्त झोप मिळते आणि नवे काही शिकण्यास वेळ मिळतो. जो ती दडवितो, तो आपल्याच ज्ञानाचा पहारेकरी होऊन बसतो. वर ज्या गृहस्थांचा उल्लेख आला, त्यांनी बरे होऊन आल्यावर पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी सारे क्रम फाइलीत उतरविले आणि पहिली स्क्रिप्ट आपल्या देखत एका नवख्या सहकाऱ्याकडून चालवून घेतली. ती दोन ठिकाणी अडली. कारण त्यांस स्वतःला जे सहज ठाऊक होते, ते लिहावयाचे त्यांस सुचलेच नव्हते. त्या दोन ओळी वाढल्या, आणि मग त्यांनी समाधानाने चहा मागविला.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी कित्येकजण उद्या इंदूरला, पुण्याला वा आणखी दूर जाऊन याच कामास लागाल. तुमच्या बोटांखाली तो काळा पडदा असेल आणि तुमच्या एका आज्ञेसरशी आठ किंवा आठशे सर्व्हर हालतील. त्या वेळी अमझेऱ्याच्या त्या दुकानापुढे उन्हात उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्यास तुमचे नाव माहीत नसेल, तुमची हुशारी त्यास दिसणार नाही. त्यास केवळ दाखला मिळेल किंवा मिळणार नाही. त्यासाठी आज्ञा लिहून ठेवा, दुसऱ्याकडून तपासून घ्या, परतीची वाट आखून मगच पाऊल टाका, आणि चुकलात तर ती चूक पुढील माणसाकरिता स्वच्छ अक्षरात नोंदवून ठेवा. या सवयीचा आरंभ करण्यासाठी सर्व्हरची वाट पाहावयास नको. प्रयोगशाळेच्या वहीत कृती अशी लिहा की, आपण गैरहजर असताना आपल्या बाकावरील सोबत्यास ती वाचून प्रयोग पुरा करता यावा.